एम १९११ पिस्तूल ७४ वर्षे कसे टिकले: गोळीचा, घोडदळाचा आणि कोठाराचा वाटा

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेले कोल्ट कंपनीचे पिस्तूल १९८५ पर्यंत अधिकृत सेवेत राहिले, त्याचे कारण त्याची .४५ इंची जड गोळी हेच होते का, हा पहिला भाग; आणि हे पिस्तूल एकट्या शस्त्ररचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग यांच्या प्रतिभेचे फळ मानावे का, हा दुसरा. या पिस्तुलाच्या जुन्या सैनिकी पुस्तिका आणि त्याचे आराखडे मी बरीच वर्षे अभ्यासत आलो आहे. माझ्या मते गोळीची कथा गरजेपेक्षा जास्त सांगितली जाते आणि घोडदळाची फारच कमी, त्यामुळे दोन्ही प्रश्नांची रूढ उत्तरे अर्धवट राहतात.

आधी गोळीविषयी. फिलिपिन्समधील युद्धात अमेरिकी सैनिकांकडे .३८ इंची काडतुसाची रिव्हॉल्व्हर होती. दक्षिणेकडील बेटांवर मोरो योद्ध्यांशी जवळून गाठ पडली, तेव्हा अनेक गोळ्या लागूनही हल्लेखोर थांबत नाहीत अशा तक्रारी आल्या आणि जुनी .४५ इंची रिव्हॉल्व्हर पुन्हा बाहेर काढावी लागली. १९०४ मध्ये सैन्याधिकारी जॉन थॉम्पसन आणि लष्करी शल्यवैद्य लुई लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील गुरांवर, तसेच मानवी मृतदेहांवर वेगवेगळ्या काडतुसांची चाचणी घेतली आणि सैनिकी पिस्तुलाचा व्यास .४५ इंचापेक्षा कमी नसावा अशी शिफारस केली. नमुने मोजकेच होते आणि एकाच गोळीचा परिणाम जनावरागणिक बदलत होता. आजच्या कसोटीवर हा प्रयोग टिकणार नाही. तरीही त्या शिफारशीमुळे एक अट पक्की झाली. ब्राउनिंग यांनी त्याच सुमारास जे नवे काडतूस तयार केले, त्यातून सैन्याने पुढे स्वीकारलेल्या रूपात सुमारे १५ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगाने सुटत असे.

खरी अडचण इथून पुढे होती. ब्राउनिंग यांच्या सुरुवातीच्या छोट्या पिस्तुलांत नळी चौकटीला (मूठ आणि चाप असलेल्या खालच्या सांगाड्याला) घट्ट बसवलेली असे आणि स्लाइडचे (चौकटीवर मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाचे) वजन व स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच काडतुसाचा मागचा धक्का पेलला जाई. हलक्या काडतुसाला ही सोपी व्यवस्था पुरते. .४५ च्या काडतुसासाठी मात्र तशी स्लाइड इतकी जड करावी लागली असती, की पिस्तूल कमरेला बाळगण्याजोगे राहिले नसते. म्हणून गोळी नळीबाहेर पडून दाब उतरेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकून राहायला हव्यात आणि नंतर आपोआप सुटायला हव्यात. एम १९११ मध्ये नळीच्या पाठीवर आडवे कंगोरे आहेत आणि स्लाइडच्या आतल्या छतात त्यांना जुळणाऱ्या खाचा आहेत. गोळी सुटताच दोन्ही मिळून थोडे अंतर मागे सरकतात. नळीच्या मागच्या टोकाखाली एक छोटा दुवा टांगलेला असतो, तो वळतो आणि नळीचे मागचे टोक खाली खेचतो. कंगोरे खाचांतून सुटतात, नळी थांबते, स्लाइड एकटी मागे जाऊन रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि परतताना मॅगझिनमधले (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीतले) नवे काडतूस नळीत ढकलते.

ही व्यवस्था पहिल्या प्रयत्नात साधलेली नाही, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे इथेच सापडते. १९०० आणि १९०५ च्या कोल्ट पिस्तुलांत नळीच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन दुवे होते, त्यामुळे नळी समांतर राहून खाली येत असे. त्यांत स्लाइड चौकटीवर मागच्या बाजूने चढवलेली असे आणि पुढच्या टोकाजवळची एक आडवी पाचर तिला धरून ठेवी. ती पाचर तुटली किंवा नीट बसली नाही, तर स्लाइड थेट नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येण्याचा धोका होता. नव्या रचनेत ब्राउनिंग यांनी पुढचा दुवा काढून टाकला, नळीचे तोंड एका बुशिंगमध्ये (स्लाइडच्या पुढच्या टोकातील कड्यात) टेकवले आणि स्लाइड पुढच्या बाजूने चढेल अशी केली. ती मागे निसटणे आता शक्यच राहिले नाही. पाचरीचे काम स्लाइड थांबवणाऱ्या खटक्याच्या आडव्या पिनेकडे गेले. या एका भागाकडे मी आजही आदराने पाहतो. शेवटची गोळी संपली की तो स्लाइड उघडी धरतो, त्याची पिन दुव्यातून जाऊन नळीला चौकटीशी जोडते, आणि तोच काढला की पिस्तूल कोणत्याही हत्याराशिवाय सुटे होते.

सेफ्टींची, म्हणजे नकळत गोळी सुटू नये म्हणून बसवलेल्या अटकावांची, गोष्ट वेगळी आहे. त्या घोडदळाने मागून घेतल्या. १९०५ च्या पिस्तुलाला अडवणारी कोणतीही सेफ्टी नव्हती. घोडेस्वाराचा एक हात लगामात असतो, घोडा उधळू शकतो, आणि तशा स्थितीत हॅमर (गोळी उडवण्यासाठी आघात करणारा मागचा हातोडा) उचललेले, भरलेले पिस्तूल हातात असणे स्वाराला, घोड्याला आणि शेजारच्या सैनिकाला सारखेच धोक्याचे असते. म्हणून आधी मुठीची सेफ्टी आली: मूठ पूर्ण आवळल्याशिवाय चाप मागे जात नाही, त्यामुळे हातातून निसटलेले पिस्तूल चाप कुठे अडकल्याने उडण्याचा संभव कमी होतो. पण मूठ आवळलेली असतानाच पिस्तूल सुरक्षित करायचे असेल तर काय, हा प्रश्न उरलाच. त्यासाठी १९१० मध्ये अंगठ्याने वर ढकलायची सेफ्टी जोडली गेली. एका हाताने, हॅमरला स्पर्श न करता, पिस्तूल तात्पुरते बंद करता येणे हा तिचा मूळ हेतू होता. सुरुवातीच्या मॅगझिनांच्या बुडालाही दोरी ओवण्याची कडी होती, कारण दौडत्या घोड्यावरून पडलेले मॅगझिन परत मिळत नाही.

हॅमर उचलून, सेफ्टी लावून पिस्तूल होल्स्टरमध्ये बाळगणे ही सैन्याची नेहमीची पद्धत होती, असा समज अनेकांचा असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील सैनिकी पुस्तिका वेगळे सांगते: पिस्तूल लगेच लागण्याची शक्यता नसेल तर मॅगझिन भरलेले, नळी रिकामी आणि हॅमर खाली, गरज जवळ आली असे दिसले तरच नळीत काडतूस भरून सेफ्टी लावायची.

निवडीची प्रक्रिया १९०७ पासून चालली. स्पर्धेत कोल्ट, सॅव्हेज आणि .४५ मध्ये खास बनवलेले जर्मन लुगर ही प्रमुख नावे होती. पुढच्या क्षेत्रीय चाचणीसाठी प्रत्येकी २०० पिस्तुले मागवण्याची वेळ आली, तेव्हा लुगरच्या उत्पादकांनी माघार घेतली आणि सामना दोघांत उरला. मार्च १९११ मधील अंतिम चाचणीत प्रत्येक पिस्तुलातून ६००० गोळ्या झाडल्या गेल्या. सॅव्हेजमध्ये ३७ वेळा अडथळा आला किंवा एखादा भाग बिघडला; कोल्टमध्ये एकदाही नाही. २९ मार्च १९११ रोजी ते स्वीकारले गेले. या निकालाचे श्रेय ब्राउनिंग यांचे आहेच, पण सैन्याने चार वर्षे चुका दाखवून पिस्तूल पुन्हापुन्हा परत पाठवले नसते, तर १९०७ चेच रूप सेवेत गेले असते आणि त्याची कीर्ती एवढी झाली नसती असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या महायुद्धातील अनुभवानंतर १९२० च्या दशकात झालेले बदल लहान आहेत. चाप आखूड केला, त्यामागे चौकटीला बोटासाठी उतार दिला, मुठीची मागची बाजू फुगीर केली, नेम धरण्याची पुढची माशी रुंद केली आणि हॅमर अंगठ्याच्या बेचक्याला चावत असे म्हणून मुठीच्या सेफ्टीचे वरचे टोक लांबवले. हे झाले एम १९११ए१. आतली यंत्रणा मात्र तीच राहिली.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे १९ लाख पिस्तुले तयार झाली आणि त्यांतील सर्वाधिक, सुमारे पावणेनऊ लाख, टंकलेखन यंत्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीने बनवली. रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नल कंपनीने सुमारे ५५ हजार बनवली, आणि शिलाई यंत्रांच्या सिंगर कंपनीने केवळ ५००, ज्यांच्या मागे आज संग्राहक वेडे असतात. एका कारखान्याची स्लाइड दुसऱ्याच्या चौकटीवर घासकाम न करता बसली पाहिजे, ही अट सर्वांना होती. युद्धानंतर शस्त्रागारांत दुरुस्ती होताना भाग सरमिसळ झाले, म्हणून सेवेतून गेलेल्या पिस्तुलाच्या स्लाइडवर एक नाव आणि चौकट दुसऱ्याच कारखान्याची, असे सर्रास आढळते. संग्राहकाला हा दोष वाटतो. मला यात त्या आराखड्यांची आणि मापांच्या शिस्तीची खरी परीक्षा दिसते.

आता ७४ वर्षांच्या आकड्याकडे येतो. १९४५ नंतर अमेरिकी सैन्याने सर्वसाधारण सैनिकांसाठी ही पिस्तुले नव्याने विकत घेतली नाहीत. कोठारे भरलेली होती. १९४९ मध्ये हलक्या, ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाची मागणी मांडली गेली, चाचण्या झाल्या, आणि एवढा साठा हाताशी असताना बदलाचा खर्च कशाला, या विचाराने तो विषय मिटला. म्हणजे शेवटची ४० वर्षे सैनिकांच्या कमरेला होती ती महायुद्धातलीच, पुन्हापुन्हा दुरुस्त केलेली पिस्तुले. दीर्घायुष्याचा हा भाग गोळीच्या ताकदीमुळे आलेला नाही. तो जुन्या साठ्यामुळे आला, आणि तो साठा वापरण्याजोगा राहिला तो भाग सुटे करून बदलता येत असल्यामुळे.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मॅगझिनमध्ये सातच गोळ्या, रिकाम्या पिस्तुलाचे वजन १.१ किलोच्या आसपास, नेम धरण्याची मूळ दर्शके बारीक, आणि सुरक्षित हाताळणीसाठी सततचा सराव अनिवार्य. १९८५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या बेरेटा एम ९ मध्ये १५ गोळ्या मावत होत्या आणि तिचे काडतूस नाटो देशांत समान होते. त्या निर्णयात मला अन्याय दिसत नाही.

ब्राउनिंग यांना स्वतःलाही हलणारा दुवा हा शेवटचा शब्द वाटत नव्हता. १९२६ मध्ये बेल्जियममधील लिएज येथे त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते ज्या पिस्तुलावर काम करत होते आणि जे बेल्जियन रचनाकार द्यूदोने सेव्ह यांनी १९३५ पर्यंत पूर्ण केले, त्या हाय पॉवरमध्ये दुव्याऐवजी नळीखालीच घडवलेला तिरपा उतार नळीला खाली आणतो. हलणारा एक भाग कमी झाला, झिजणारी एक पिन कमी झाली. आजची बहुतेक सैनिकी पिस्तुले कलणारी नळी वापरतात ती याच उताराच्या पद्धतीने, एम १९११ च्या दुव्याने नव्हे.