रत्नागिरीच्या कार्यशाळेचं वेळापत्रक पाहून

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

संशोधकांना मोठी गणनकामं सुपरकॉम्प्युटरवर करायला शिकवणाऱ्या तीन दिवसांच्या कार्यशाळेचं तू पाठवलेलं वेळापत्रक वाचलं. पहिल्या दिवसाची सकाळ सुपरकॉम्प्युटरच्या इतिहासाला आणि रचनेला दिली आहेस, ती काढून घे. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, २०१५ च्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशननंतर आयआयटी, आयसरसारख्या संस्थांत परम मालिकेची यंत्रं बसली, एवढं चहाच्या वेळेत सांगून होतं. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठातून येणारा संशोधक एकच प्रश्न घेऊन येतो: माझा प्रोग्रॅम रात्रभर चालतो आणि सकाळी बघावं तर लॅपटॉप अडकलेला, काय करू? त्याचं उत्तर वेळ आणि मेमरी नेमकी कुठे जाते ते मोजण्यापासून सुरू होतं. मोठं यंत्र नंतर. येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना क्लस्टरची, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांची, गरजच नसेल. ते त्यांना स्वतःच्याच आकड्यांवरून कळलं, तर कार्यशाळा वसूल झाली असं समज.

म्हणून नोंदणी अर्जातच चार गोष्टी विचार. डेटा किती जीबी आणि किती फाइल्समध्ये, कोणता प्रोग्रॅम, आज किती वेळ लागतो, यंत्राची रॅम किती. शिवाय प्रत्येकाने आपल्या कामाची छोटी आवृत्ती आणायची, पाच मिनिटांत संपेल अशी. ज्याला ती करता येत नाही त्याला आधीच फोन कर. बहुतेक वेळा त्याच्या प्रोग्रॅममध्ये फाइलचं नाव आणि वर्ष आतच लिहून ठेवलेलं असतं, त्यामुळे तुकडा वेगळा काढता येत नाही. क्लस्टरवर गेल्यावर हाच प्रोग्रॅम सगळ्यात जास्त छळतो.

अर्ज आले की कागदावर हिशेब कर. कोणी लिहील, एक्सेल पुरत नाही, सुपरकॉम्प्युटर हवा. एक्सेलची मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे. ती ओलांडणं म्हणजे डेटा मोठा झाला असं नव्हे. एक कोटी ओळी, वीस रकाने, प्रत्येक आकडा आठ बाइटचा: १.६ जीबी. पांडाज (पायथनमधली तक्ते हाताळणारी लायब्ररी) मधल्या मधे प्रती काढतं, म्हणून तिप्पट-चौपट धर. तरी १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मावतं. मावत नसेल तर गावाचं नाव किंवा माशाची जात प्रत्येक ओळीत अक्षरं म्हणून साठवली आहे का ते आधी बघ. ते रकाने कॅटेगरी प्रकारात (प्रत्येक नावाला एक क्रमांक) आणले आणि साध्या मजकुराची सीएसव्ही सोडून रकान्यांनुसार दाबून साठवणारी पार्के फाइल केली की अनेकांचं दुखणं तिथेच बरं होतं.

ज्यांचं काम खरंच मोठं आहे, त्यांच्याकडून पहिल्याच दुपारी एक तक्ता करून घे: १, २, ४, ८, १६ कोअरवर (प्रोसेसरमधल्या गणना करणाऱ्या भागांवर) तेच काम, आणि लागलेला वेळ. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा या तक्त्यात आपोआप दिसतो. कामाचा दहा टक्के भाग एकामागून एकच होणारा असेल (फाइल वाचणं, निकाल लिहिणं), तर ४ कोअरवर वेग ३.१ पट, ८ वर ४.७ पट, १६ वर ६.४ पट. कितीही कोअर लावले तरी दहापटीपलीकडे जाणार नाही. १६ कोअर मागून ६.४ चं काम होतंय, म्हणजे साठ टक्के यंत्र बसून आहे आणि रांगेत दुसरा कोणी ताटकळतोय. कार्यक्षमता (वेगाची पट भागिले कोअर) निम्म्याखाली गेली की कोअर वाढवणं थांबवायचं, हा ठोकताळा पुरेसा आहे.

सरावासाठी परदेशी फुलांच्या पाकळ्यांचा तो नेहमीचा डेटा घेऊ नकोस. भारतीय हवामान विभागाची दैनंदिन पावसाची चौकटवार माहिती घे. ती १९०१ पासून आहे, पाव अंशाच्या चौकटीत, १३५ रेखांश आणि १२९ अक्षांशांची. प्रत्येक आकडा चार बाइटचा, म्हणून एका वर्षाची फाइल २५ एमबीच्या आसपास भरते आणि १९०१ ते २०२४ मिळून जेमतेम ३.२ जीबी. म्हणजे यालाही क्लस्टर लागत नाही! तरी शिकायला उत्तम, कारण वर्षागणिक एक असे १२४ सुटे तुकडे आयते मिळतात आणि अ‍ॅरे जॉब (एकाच हुकमात अनेक सुटी कामं पाठवणं) शिकवता येतो. एकावेळी दहाच तुकडे चालतील अशी मर्यादा घालायला मात्र शिकव.

या माहितीत कोकणासाठी तीन खड्डे आहेत आणि तिन्ही मुद्दाम दाखवण्यासारखे आहेत. पहिला, नसलेल्या नोंदीच्या जागी -९९९ असतं. समुद्रावरची चौकट कायमच -९९९, त्यामुळे ती सरासरीत शिरली तर उत्तर उणे येतं आणि चूक लगेच पकडली जाते. खरा धोका एखाद्याच दिवसाचा असतो, आणि हीच खूण वापरणाऱ्या पर्जन्यमापन केंद्रांच्या नोंदींत तो जास्त भेटतो. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, रोजची सरासरी २५ मिमी, आणि त्यात एकच दिवस -९९९ असला तर सरासरी १६.६ वर येते. हा आकडा अगदी पटण्यासारखा दिसतो. दुष्काळी वर्ष म्हणून त्यावर निबंधही लिहून होईल.

दुसरा खड्डा जागेचा. पाव अंश म्हणजे सुमारे २७ किलोमीटर. सह्याद्री ते किनारा ही आपली पट्टी साधारण पन्नास-साठ किलोमीटरची, म्हणजे आडव्या दोनच चौकटी. एकीत अर्धा समुद्र, दुसरी घाटाला टेकलेली. हर्णै किंवा देवगडचे अक्षांश-रेखांश देऊन सर्वात जवळची चौकट मागितली, तर प्रोग्रॅम बिनदिक्कत समुद्रातली चौकटही देईल. नकाशा काढून डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नकोस. तिसरा खड्डा वेळेचा: आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो आदल्या चोवीस तासांचा असतो. उपग्रहाने मोजलेल्या पावसाचा दिवस बहुधा जागतिक वेळेच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. दोन्ही माहिती तारखेवर जोडली की रात्रीचा मुसळधार पाऊस वेगवेगळ्या दिवशी पडलेला दिसतो आणि संशोधक उपग्रहाला नावं ठेवतो.

गाळलेल्या जागा भरण्याबद्दलही तिथेच बोल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. अशा दिवशी वीज जाते, यंत्रं बंद पडतात. म्हणजे नोंद नेमकी टोकाच्या दिवसाचीच गळते. आधीच्या आणि नंतरच्या दिवसाची सरासरी तिथे भरली, की वादळच पुसलं जातं.

मशीन लर्निंगच्या सत्रात एकच गोष्ट पक्की झाली तरी पुष्कळ. आंब्याच्या पानांवरच्या रोगाचे फोटो सरसकट पिसून ऐंशी टक्के शिकवायला आणि वीस टक्के तपासायला असे वाटले, तर एकाच झाडाचे फोटो दोन्हीकडे जातात. मॉडेल झाड ओळखतं, रोग नव्हे. वाटणी बागेनुसार करायची. मासळीच्या आवकेची असेल तर वर्षानुसार. आणि आकडे एका मापात आणण्याचं काम वाटणीनंतर, फक्त शिकवणीच्या भागावरून. न्यूरल नेटवर्कची चित्रं दाखवण्यात तास घालवू नकोस, ती सगळ्यांनी पाहिलेली असतात.

दुसरा दिवस क्लस्टरचा. लॉगिन नोडवर (सगळे जिथून आत शिरतात त्या यंत्रावर) काम चालवायचं नाही, हे सांगून कोणी ऐकत नाही; म्हणून पहिला जॉब तू सर्वांसमोर पाठव, पाठोपाठ त्यांनी. स्लर्म म्हणजे क्लस्टरवरच्या कामांची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम; त्याच्या फाइलीत पाच ओळी पुरतात: नाव, कोअर, मेमरी, वेळ, निकालाची फाइल. वेळ भीतीपोटी तीन दिवस मागू नये. थोडा वेळ मागणारा जॉब रांगेतल्या फटींत बसवला जातो आणि लवकर सुरू होतो. मेमरी किती लागली ते आधीच्या जॉबच्या नोंदीत बघून, त्यावर वीस-पंचवीस टक्के जास्त मागायची.

कुठे अडतील ते आधीच सांगतो. विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली फाइल स्लर्म परत पाठवतं, कारण ओळीच्या शेवटी डॉसची खूण असते; ती खूण काढणारा डॉस-टू-युनिक्स प्रोग्रॅम चालवला की काम होतं. वर्डमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेल्या कमांडमध्ये दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ होते आणि सरळ अवतरणचिन्ह वाकडं होतं. डोळ्यांना फरक दिसत नाही, तासभर जातो. कमांड साध्या टेक्स्ट फाइलमधूनच वाट. मग थ्रेड: ४० कोअरच्या नोडवर ४० प्रोसेस सुरू केल्या आणि प्रत्येकीच्या मागे नमपायच्या (पायथनच्या आकडेमोडीच्या पॅकेजच्या) गणिती लायब्ररीने ४० थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे धागे, उघडले, की १६०० थ्रेड ४० कोअरसाठी भांडतात. यंत्र शंभर टक्के गुंतलेलं दिसतं, काम मात्र मंदावतं. अशा वेळी थ्रेडची संख्या १ वर बांधून टाकायची. लाखभर बारीक फाइल्स हे आणखी एक दुखणं. सामायिक डिस्कवर प्रत्येक फाइल उघडताना एकाच सर्व्हरला विचारावं लागतं, आणि एकाच्या कामापायी सगळ्यांचं यंत्र रेंगाळतं. त्या नेटसीडीएफ (हवामानाच्या चौकटवार माहितीचा फाइल प्रकार) किंवा पार्केमध्ये एकत्र कर. स्क्रॅच, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या, डिस्कचा बॅकअप नसतो आणि जुन्या फाइल्स आपोआप पुसल्या जातात, हे फळ्यावर तिन्ही दिवस लिहून ठेव.

आता हॉलचं. २४ जणांनी सकाळी २ जीबीची पायथन पॅकेजेस एकदम उतरवायला घेतली तर ४८ जीबी झाले. ५० एमबीपीएसच्या लाइनवर, ती पूर्ण वेगाने चालली तरी, दोन तास आठ मिनिटं. सगळं आधी एका लॅपटॉपवर आणून ठेव, चार पेनड्राइव्हवर प्रती कर. क्लस्टरच्या गणना नोडवरून बहुधा बाहेरचं इंटरनेट मिळत नाही, तेव्हा तिथलं एन्व्हायर्नमेंटही (लागणाऱ्या पॅकेजेसचा संच) एकदाच बनवून सगळ्यांना वाचायला दे. प्रत्येकाने वेगळं बनवलं तर हजारो फाइल्सनी कोटा भरतो.

महाविद्यालयातले सगळे लॅपटॉप बाहेर एकाच इंटरनेट (आयपी) पत्त्याने ओळखले जातात. दोघा-तिघांनी पासवर्ड चुकवला की क्लस्टरचा पहारेकरी तो पत्ताच बंद करतो आणि अख्खा हॉल बाहेर. म्हणून महाविद्यालयाचा पत्ता क्लस्टरच्या व्यवस्थापकांना आठवडाभर आधी कळव, पासवर्डऐवजी एसएसएच किल्ल्या (लॅपटॉपवर ठेवायच्या ओळखीच्या फाइल्स) दे, क्लस्टरशी जोडणारं २२ क्रमांकाचं पोर्ट तिथून उघडं आहे का ते त्याच हॉलमध्ये बसून तपास. दोन नोड कार्यशाळेच्या वेळेपुरते राखून माग, नाहीतर सगळे जॉब रांगेतच संध्याकाळ करतील. लाइट जाणार हे धरूनच चाल. लॅपटॉपला बॅटरी असते, यूपीएस राउटर आणि स्विचला लाव; क्लस्टरवर टीमक्स (सत्र सांभाळून ठेवणारा प्रोग्रॅम) आधी शिकव, म्हणजे जोडणी तुटली तरी सत्र जिवंत राहतं.

तारखांचं म्हणशील तर शिमगा आणि गणपती सोड, हे सांगायला नकोच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्याने मत्स्यवाले मोकळे असतात, पण तेव्हा भातलावणीमुळे कृषीवाले चिखलात. एप्रिल-मे आंब्यात जातो. दिवाळीनंतरचा पंधरवडा बरा.

मदतनीस सहा जणांमागे एक हवा. दोन रंगांचे चिकटकागद दे. लाल कागद लॅपटॉपवर दिसला की मदतनीस जाईल, तू शिकवणं थांबवायचं नाही. पाच-सहा लाल दिसले तर मात्र थांब, चूक तुझ्या सूचनेत आहे.

खाती तिसऱ्या दिवशी बंद करू नकोस, निदान महिनाभर चालू ठेव. दुसऱ्या आठवड्यात तासाभराची ऑनलाइन बैठक ठेव आणि चौथ्या आठवड्यात स्लर्मच्या नोंदींतून बघ, कोणी स्वतःचा जॉब पाठवला. ज्यांची नावं नाहीत त्यांना फोन कर. किल्ली जुन्या लॅपटॉपवर राहिली किंवा फाइलचा रस्ता चुकला, एवढंच कारण निघण्याचा संभव जास्त. अर्जाचा मसुदा झाला की पाठव, प्रश्न नीट बघून देतो.

कळावे.