पंचवार्षिक आराखड्याआधी पीटीआरचा उतारा काढा

ताई, तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. वडोदऱ्यातली स्वनिर्भर, म्हणजे विनाअनुदानित शाळा, चारशे मुलं, ट्रस्ट जुना, अकरापैकी तीन विश्वस्त मीटिंगला येत नाहीत. नववी-दहावी सुरू करायची आहे, त्यासाठी वरचा मजला बांधायचा आहे, आणि पाच वर्षांच्या आराखड्याचा नमुना कुणाकडे असेल तर हवा आहे. नमुना माझ्याकडे आहे, पाठवतो. पण तुमचं एक वाक्य मनातून जाईना: ‘विश्वस्त बदलल्याचे कागद बहुतेक भरलेले असतील, आधीचे कार्यवाह बघत होते.’ २०१८ साली हेच वाक्य मी आमच्या मीटिंगमध्ये बोललो होतो.

ध्येय, उद्दिष्टं, पटाचा अंदाज, बजेट हे सगळं तुम्ही करालच, त्यावर लिहीत नाही. आम्हीही छान केलं होतं. शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी असे चाळीस जण दोन दिवस शाळेच्या हॉलमध्ये बसले होते. तो आराखडा मी आजही चांगलाच म्हणेन. एका माजी विद्यार्थ्याने प्रयोगशाळेसाठी ४० लाख देऊ केले, उरलेलं कर्ज काढायचं ठरलं. बँकेने पहिल्याच भेटीत पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक ट्रस्ट नोंदवहीचा, ताजा उतारा मागितला.

उतारा आणला. त्यावर नऊ नावं. पहिलं नाव आमच्या संस्थापक अध्यक्षांचं, ज्यांच्या फोटोला आम्ही दर वर्धापनदिनाला हार घालत होतो. नऊपैकी चार जण वारलेले, दोघे राजीनामा देऊन पुण्याला स्थायिक झालेले. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं, आणि मी नऊ वर्षं संस्थेच्या चेकवर सही करत होतो. खजिनदारकाका तो कागद हातात धरून बराच वेळ काही बोललेच नाहीत.

कायदा साधा आहे. १९५०चा सार्वजनिक ट्रस्टचा कायदा, पूर्वी मुंबईच्या नावाचा, आता गुजरातच्या. त्याच्या कलम २२ प्रमाणे नोंदवहीतल्या तपशिलात काही बदल झाला, म्हणजे कुणी वारलं, कुणी राजीनामा दिला, नवीन मंडळ निवडून आलं, तर ९० दिवसांत चॅरिटी कमिशनरच्या, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या, कार्यालयात फेरफार रिपोर्ट द्यायचा. तो मंजूर झाला की नोंदवहीत नाव बदलतं. आम्ही निवडणुका वेळेवर घेतल्या, मिनिट्स लिहिली, पेढे वाटले, आणि हा एक कागद दिला नाही.

दिला नाही म्हणजे काय, तर तयार केला होता! शाळेच्या लोखंडी कपाटात खालच्या खणात हिरवी फाइल सापडली. २००९ चा फेरफार रिपोर्ट, पूर्ण भरलेला, आठ सह्या झालेल्या, नववी जागा कोरी. त्या विश्वस्तांना तेव्हा बरं नव्हतं, ‘बरे झाले की घेऊ सही’ म्हणून फाइल ठेवली गेली. टाचणी गंजून कागदाला चिकटली होती. ठेवणारा मीच, तेव्हा सहकार्यवाह होतो. आमच्या शाळेचं सगळ्यात मोठं नुकसान त्या एका कोऱ्या जागेने केलं.

का, तेही सांगतो, कारण हे कुणी समजावून सांगत नाही. नोंद ही साखळी आहे. २००९ चा बदल नोंदलेला नाही, म्हणजे २०१२ ची सभा ज्यांनी बोलावली त्यांना ती बोलावायचा अधिकार होता का, इथून प्रश्न सुरू होतो. मग २०१५ ची, मग आत्ताची. आम्हाला वाटलं होतं, सध्याच्या मंडळाचा एक रिपोर्ट दिला की झालं. तसं होत नाही. पहिल्या तुटलेल्या कडीपासून क्रमाने एकेक द्यावा लागतो, आणि प्रत्येकाला उशिराच्या माफीचा अर्ज. त्यात एका दिवंगत विश्वस्तांच्या पुतण्याने हरकत घेतली, तर चौकशी आणखी लांबली.

आता ज्या कार्यालयात आमची फाइल अडली, त्याचं नाव लिहीत नाही. माणसं वाईट होती असंही नाही. पण दर वेळी एकच त्रुटी काढायची, ती पुरी करून नेली की पुढच्या महिन्यात दुसरी. पहिल्यांदा मृत्यूचा दाखला झेरॉक्स आहे, खरी प्रत आणा. मग नव्या विश्वस्तांचं संमतिपत्र नाही. मग सभेची नोटीस सगळ्यांना पोचल्याचा पुरावा नाही. हे सगळं पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिलं असतं तर आम्ही पंधरा दिवसांत आणलं असतं. अकरा खेपा झाल्या. आमच्या मुख्याध्यापिकाबाई परीक्षेचं काम सोडून दोनदा माझ्याबरोबर बाकावर बसून राहिल्या, ते आठवलं की आजही संताप येतो.

दीड वर्ष गेलं. देणगीदार तोवर थांबला, पण मग त्याने ती रक्कम एका रुग्णालयाला दिली. त्याला मी दोष देत नाही. नववी सुरू झाली नाही. आठवीतल्या एका मुलीची आई दाखला न्यायला आली तेव्हा म्हणाली, ‘सर, इथेच ठेवायचं होतं हो आम्हाला.’ चौतीस मुलं त्या वर्षी गेली.

म्हणून सांगतो, सल्लागाराला पैसे देण्याआधी उतारा काढा. मी वकील नाही. तुमच्या ट्रस्टची घटना, म्हणजे नियमावली, आणि संस्था सोसायटी म्हणूनही नोंदलेली आहे का, हे माहीत असणाऱ्या वकिलालाच शेवटचा शब्द विचारा. माझ्या अनुभवापुरतं सांगायचं तर उताऱ्यावरची नावं आणि आजची नावं शेजारी शेजारी मांडा, प्रत्येक फरकाला तारीख आणि कागद लावा. फाइल देताना आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्रुटी तोंडी सांगितल्या तर नम्रपणे लेखी मागा. दर वेळी एकच माणूस जाऊ दे. आम्ही आळीपाळीने गेलो, आणि दर वेळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली.

आणि एक, हे कळकळीने लिहितो. तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल की जुन्या सभांची मिनिट्स मागच्या तारखेने लिहून टाका. करू नका. आम्हालाही सांगितलं होतं, अगदी जवळच्या माणसाने. ज्या सभेचं मिनिट बुक सापडत नाही, तिथे सापडत नाही असं प्रतिज्ञापत्रावर खरं लिहा. उशीर माफ होऊ शकतो. खोटा कागद एकदा निघाला की मुलांच्या शाळेवर कायमचा डाग.

न येणाऱ्या तीन विश्वस्तांबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. घटनेत सलग गैरहजेरीचं कलम असेल तर ते वापरा, नसेल तर घरी जाऊन सन्मानाने राजीनामा मागा आणि ९० दिवस मोजायला लागा. आम्ही आता दर वर्षी एक तृतीयांश विश्वस्त निवृत्त होतील अशी दुरुस्ती केली आहे. एका घरातले दोन जण नकोत. आणि विश्वस्ताने प्रवेशाच्या दिवसांत ऑफिसात खुर्ची टाकून बसू नये. प्रवेश, वेळापत्रक, कोणत्या बाईंना कोणता वर्ग हे मुख्याध्यापकांचं काम. मंडळाने पैसा, जमीन आणि पुढची दहा वर्षं बघावीत. मी स्वतः हे शिकायला वेळ लावला.

आराखड्यातले आकडे मांडताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. २०२३-२४ पासून गुजरातेत पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात आणि त्याआधी बालवाटिका हा पूर्वप्राथमिक वर्ग आला. त्या वर्षी आमची पहिली जवळजवळ अर्धी झाली, आणि ती लहान तुकडी आता दर वर्षी एकेक इयत्ता वर सरकते आहे. तुमचा पट सरळ रेषेत वाढेल असं धरू नका. दुसरं, २०१७ च्या फी नियमन कायद्यात प्राथमिकला वर्षाला १५,००० रुपयांची मर्यादा आहे. तिच्यावर जायचं तर फी नियमन समितीकडे हिशोब मांडावा लागतो, म्हणून ‘फी वाढवू’ हे उत्तर गृहीत धरू नका. तिसरं, मजल्यासाठी पैसे साठवणार असाल तर सीएला आधीच सांगा. आयकरातली सवलत टिकवायला उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी खर्च करायचा नियम आहे, बाजूला ठेवायचे तर ठराव करून, उद्देश लिहून, वेळेत फॉर्म भरावा लागतो, आणि मुदत पाच वर्षांची. तुमचा आराखडाही पाच वर्षांचा आहे, तेव्हा बांधकाम शेवटच्या वर्षावर ढकलू नका.

मैदान क्रिकेट अकादमीला भाड्याने द्यायचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तीन वर्षांहून जास्त मुदतीचा करार असेल तर कलम ३६ खाली चॅरिटी कमिशनरची मंजुरी आधी लागते. आणि ती मागणार कोण? ज्यांची नावं उताऱ्यावर आहेत तेच. कर्जासाठी इमारत तारण ठेवायची असेल तर तेही वकिलाला आत्ताच विचारून घ्या.

उतारा मिळाला की व्यक्तींची नावं झाकून शेवटच्या मंजूर फेरफाराची तारीख तेवढी इथे लिहा. मधल्या किती निवडणुका राहिल्यात ते मोजू, म्हणजे पहिला रिपोर्ट कोणत्या सालाचा द्यायचा ते कळेल.