सिस्टरला ताप आलाय

"मॅडम, आजारी रजा मागताना चोरी केल्यासारखं वाटतं. असं का होतं?" माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या नर्सेसपैकी बहुतेक जणी कधी ना कधी हे विचारतात. कुणी दबक्या आवाजात विचारतं, कुणी चिडून. उत्तराआधी एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील इकडचे तिकडे केलेत. नाव बदलून दुसरं दिलं नाही, तिला सिस्टरच म्हणते. तसंही तिला नावाने हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. वॉर्डात सिस्टर, गल्लीतही सिस्टर. रात्री दहा वाजता कुणीतरी बीपी बघायला दार वाजवायचंच.

दवाखान्यांचं म्हणून ओळखलं जाणारं गाव, त्यातलं एक खासगी रुग्णालय, मेडिकल वॉर्ड. ती आली तेव्हा तोंडाला मास्क होता. खुर्ची मागे सरकवून बसली. "मॅडम, जरा लांबच बसते. ताप आहे. पण ऑफ आजच मिळालाय."

तिच्या डाव्या मनगटावर चिकटपट्टीचा काळपट चौकोन होता आणि मधे सुईचा ठिपका. मी बघतेय हे बघून तिने बाही खाली ओढली. आदल्या रात्री ड्यूटीवरच १०२ ताप होता. सोबतच्या मुलीने इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवायची नळी, लावून दिली, दोन ते तीनच्या दरम्यान कपडे बदलायच्या खोलीत सिस्टरने सलाईन घेतलं, मग इंट्राकॅथ बाहीखाली झाकून पुन्हा राउंड. वॉर्डात ३४ पेशंट होते आणि त्यांच्यासाठी दोघीजणी, त्यातली एक दोन महिन्यांपूर्वी लागलेली.

सकाळी सातला इन्सुलिनची वेळ झाली. बाटल्या दोन ताकदीच्या येतात, एका मिलिलीटरला ४० युनिट आणि १०० युनिट. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी. पेशंटला २० युनिट लिहिलेलं. सिस्टरच्या एका हातात १०० ची बाटली आणि दुसऱ्यात लाल टोपीची सिरिंज. २० च्या रेघेपर्यंत भरून दिली असती, तर पेशंटच्या अंगात ५० युनिट गेलं असतं. ती नवी मुलगी म्हणाली, "सिस्टर, लाल आहे ही." सिस्टरने सिरिंज बदलली, इंजेक्शन दिलं, चार्टवर सही केली.

"मग खूप घाबरलात?" मी विचारलं.

"तेच सांगायला आलेय. काहीच वाटलं नाही. पूर्वी असं झालं असतं तर मी आठवडाभर जेवले नसते."

इथे माझी चूक झाली, ती सांगायला हवी. मी तिला श्वासाचा व्यायाम सांगितला आणि रोज थोडं चालायला जा म्हटलं. मास्कच्या आत ती हसली. "चालणं वॉर्डात होतंच की मॅडम, पायाला सूज येईपर्यंत." मी वही मिटली. जिच्या रोस्टरमध्येच माणसं कमी आहेत तिला 'स्वतःसाठी वेळ काढा' म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला सावकाश चावून खा म्हणण्यासारखं आहे. आमच्या व्यवसायात हा सल्ला फार स्वस्त झालाय.

तिच्या 'काहीच वाटलं नाही'ला नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. तिथेही त्याला आजार म्हटलेलं नाही. कामावरचा ताण दीर्घकाळ हाताळला गेला नाही की होणारी अवस्था, असं म्हटलंय. त्यात थकवा तर असतोच. शिवाय कामापासून मन तुटतं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं. थकवा सगळ्यांना कळतो, आपण तो मिरवतोसुद्धा. मन तुटलेलं मात्र कळत नाही, कारण हात सवयीने चालू असतात. सिस्टर दगड झाली नव्हती. दगड झाली असती तर ऑफच्या दिवशी ताप अंगावर घेऊन माझ्याकडे कशाला आली असती?

पुढच्या भेटीत मी तिला विचारलं, "भेटीच्या वेळेत पेशंटची बायको अंगात ताप घेऊन कॉटजवळ बसली, तर तुम्ही काय म्हणता?"

"घरी जा म्हणते. पेशंटला लागण होईल, त्याचं आधीच डायलिसिस चालू आहे." बोलता बोलता थांबली. "मला कोण म्हणणार घरी जा?"

"आणि तुम्ही घरी गेलात तर?"

"माझ्या मैत्रिणीला डबल ड्यूटी पडते. तिचं पोर लहान आहे."

रजा घेताना जिच्याकडून चोरी केल्यासारखं वाटायचं, ती ही मैत्रीण होती. मग आम्ही कागद घेतला. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात साध्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डसाठी पाच पेशंटमागे एक नर्स धरलेली आहे, आणि वर रजेसाठी म्हणून ३० टक्के जादा माणसं. म्हणजे नर्स आजारी पडणार, तिचं पोर आजारी पडणार, हे हिशोबात आधीच घेतलेलं आहे. ही जादा माणसं तिच्या रुग्णालयाने नेमलीच नव्हती. त्यांची जागा सिस्टर तापात भरत होती, आणि ती नसली की मैत्रीण. मैत्रिणीला डबल ड्यूटी पडते हे खरं, पण ती सिस्टरच्या तापाने पडत नाही. सिस्टर त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे मी कुणाच्या पगाराची बचत करतेय?" हे तिचं तिने काढलं, मी सुचवलं नव्हतं.

पर्समध्ये ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, कार्ड होतं, बाळंतपणानंतर न वापरलेलं. दरमहा पगारातून पाऊण टक्का कापला जातो एवढंच तिला माहीत होतं. अटी पूर्ण होत असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के मिळतात, हे दुसऱ्यांना सलाईन लावणाऱ्या या बाईला कुणी सांगितलेलंच नव्हतं. महिना २१ हजारांपर्यंत पगार असल्याने या विम्यात येणाऱ्या अनेक नर्सेसची हीच गत आहे, म्हणून मुद्दाम लिहितेय.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका मेसेजवर. इन्चार्ज सिस्टरना पाठवायचा मेसेज तिने माझ्यासमोर टाइप केला. चार वेळा सॉरी, तीन नमस्काराचे हात, 'गोळी घेऊन बघते, जमलं तर येतेच'. आम्ही एकेक शब्द खोडत गेलो. उरलं ते इतकंच: 'मला १०१ ताप आहे. आज नाईटला येऊ शकत नाही. सर्टिफिकेट उद्या पाठवते.' मी म्हटलं, मोठ्याने वाचा. 'शकत नाही'पाशी तिचा आवाज अडकला. तीनदा वाचून घेतलं.

पहिल्यांदा पाठवला तेव्हा इन्चार्ज फोनवर ओरडल्या, आणि मग त्या स्वतःच नाईटला उभ्या राहिल्या. मैत्रीण चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने चहाच्या वेळी विचारलं, "काय लिहिलं होतंस गं तू? मलाही पाठव." पुढे तिघीचौघींनी मिळून मेट्रनकडे, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांकडे, अर्ज दिला, रात्रपाळीला तिसरी नर्स मागितली. आजवर एक मिळाली आहे, तीही आठवड्यातून तीनच रात्री.

सिस्टरची झोप हळूहळू परतली, म्हणून आमचं काम बोलण्यावर भागलं. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, 'मी नसलेलीच बरी' असं मनात येतंय, तर मी थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. रात्री-अपरात्री मनाच्या त्रासात फोनवर मदत करणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. 'मी नर्स आहे, मला कळतं' म्हणून थांबू नका.

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूच्या पेशंटच्या कॉट व्हरांड्यात आल्या होत्या तेव्हा तिचा मला मेसेज आला. तिलाही ताप होता आणि ती दोन दिवस घरी होती. इन्चार्जना पाठवलेल्या ओळींचा स्क्रीनशॉट जोडला होता. सॉरी एकही नव्हतं. नमस्काराचा हात मात्र एक होता, त्यावर आम्ही अजून बोललेलो नाही.