जोडीदार घरी, तुम्ही क्रूझवर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पैसे भरायच्या आधी घरी बोला. "मला एकट्याने जायचंय" एवढंच म्हणून थांबलात, तर जोडीदाराला ते "तुझ्याशिवाय" असं ऐकू येतं. का जायचंय, किती दिवस, एकूण खर्च किती, माघारी घरचं कोण बघणार, हे सगळं एकाच बैठकीत मांडा.

फसगत होते ती भाड्यात. जाहिरातीतला आकडा माणशी असला तरी केबिनमध्ये दोघं धरलेली असतात. एकट्याला त्यावर अधिभार पडतो, कधीकधी थेट दुप्पट. म्हणून आधी सोलो केबिन शोधा. 'नॉर्वेजियन एपिक' जहाजावर २०१० पासून त्या आहेत. जागा सुमारे १०० चौरस फूट, आणि खिडकी समुद्राकडे नाही, आतल्या मार्गिकेकडे. झोपण्यापुरती केबिन हवी असेल तर उत्तम.

जहाज निघताना फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि जहाजाचं वाय-फाय घ्या. नाहीतर तो जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि बिल फुगतं. रोज रात्री फोन करण्याचं वचन मात्र देऊ नका. एखाद्या रात्री नेटवर्क गेलं की घरचे जागे राहतात. "बंदरावर उतरलो की कळवीन" म्हणा, आणि बंदरांची तारखांसह यादी, केबिन क्रमांक, विम्याची आणि पासपोर्टची प्रत जोडीदाराकडे ठेवा.

बंदरावर फोन स्थानिक वेळ दाखवतो, जहाजाची वेळ वेगळी असू शकते. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा. तुम्ही परतला नाहीत हे सांगणारं बरोबर कोणी नसतं.