त्याचा दिवस विचारलास का?

स्किझोफ्रेनिया या भास-भ्रमांच्या मानसिक आजाराच्या रुग्णाविषयीचे तुझे पत्र दोनदा वाचले. आवाज ऐकू येणे थांबले, संशय मावळला, गोळ्या नियमित चालू आहेत, लक्षणांच्या मोजपट्टीवरचे गुणही उत्तम आले, आणि तरीही तुझा रुग्ण नोकरीच्या नवव्या दिवशी घरी बसला. तेव्हा आपण मोजण्यात चुकलो की माणूस ओळखण्यात, असे तू विचारले आहेस. तू जे मोजलेस ते बरोबरच मोजलेस. पण चार पानी पत्रात त्याच्या आवाजांविषयी अडीच पाने आहेत आणि तो सकाळी किती वाजता उठतो याची एक ओळही नाही. त्याचा दिवस विचारलास का?

माझा स्वर चिडका वाटेल. हाच प्रश्न सुचायला मला तीन वर्षे लागली म्हणून तो तसा आहे. माझ्याकडे मुद्रितशोधनाचे काम करणारा एक तरुण येत असे. त्याचे भास दोन महिन्यांत थांबले आणि त्यानंतर प्रत्येक भेटीत मी केसपेपरवर ‘भास नाहीत, सुधारणा कायम’ असे लिहीत गेले. एकदा त्याची बहीण एकटीच आली. म्हणाली, “तुम्ही बरा आहे म्हणता. पण एक मोजा पायात आणि दुसरा हातात धरून तो अर्धा अर्धा तास पलंगाच्या कडेला बसलेला असतो. विचारले की म्हणतो, घालतोच आहे.” घरात त्याचे नाव आळशी पडले होते. ती गेल्यावर मी जुने सगळे केसपेपर काढून पाहिले; त्याच्या दिवसाविषयी एक शब्द नव्हता. तेव्हा एका रुग्णामागे दहा मिनिटे मिळत, दाराबाहेर रांग असे आणि औषधात चूक राहिली तर जाब मलाच द्यावा लागणार होता, हे सगळे खरे आहे. पण दिवस विचारायला दोन मिनिटे पुरतात, हेही तितकेच खरे आहे.

१९५२ साली क्लोरप्रोमाझिन हे या आजारावरचे पहिले औषध वापरात आले, तेव्हापासूनची आपली बहुतेक औषधे मेंदूतल्या डोपामिन या रसायनावर काम करतात आणि भास, भ्रम निवळवतात. पुढाकार आटणे, बोलणे कमी होणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे, लोकांत मिसळावेसे न वाटणे या निगेटिव्ह, म्हणजे काहीतरी उणे झाल्याच्या, लक्षणांवर, तसेच लक्ष आणि स्मरणशक्ती यांच्यावर त्यांचा परिणाम फारच थोडा होतो. नोकरी आणि नाती मात्र मुख्यतः पुढाकार, बोलणे-मिसळणे, लक्ष आणि स्मरणशक्ती यांच्याच जोरावर चालतात. स्किझोफ्रेनियाच्या निदानाच्या निकषांतच काम, नाती आणि स्वतःची निगा यांतली घसरण लिहिलेली आहे. निदान करताना आपण ती वाचतो आणि फॉलोअपमध्ये विसरतो. शून्य ते शंभरच्या जुन्या जीएएफ (ग्लोबल असेसमेंट ऑफ फंक्शनिंग) मोजपट्टीत लक्षणे आणि कामकाज एकाच आकड्यात कोंबलेली असत, त्यामुळे आकडा कशामुळे खाली आला ते कळत नसे. २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार-निदानपुस्तिकेत ती वगळली, ते बरेच झाले. ‘पर्सनल अँड सोशल परफॉर्मन्स’ ही मोजपट्टी काम, नाती, स्वतःची निगा आणि त्रासदायक वर्तन यांचा वेगवेगळा विचार करते. ती जरूर वापर. पण तीसुद्धा दिवस विचारूनच भरायची असते, समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडे पाहून नव्हे.

एखाद्याला काय करता येते आणि तो रोज काय करतो, यांत मोठे अंतर असते. आपल्यासमोर खोटा फोन हातात देऊन डॉक्टरांची वेळ बदलून घ्यायला सांगितले तर तो नेमके बोलतो. घरी फोन वाजत राहतो आणि तो उचलत नाही. कोणाच्या मनात ‘आपल्याला जमणार नाही, लोक हसतील’ हे घट्ट बसलेले असते, कोणाला नैराश्य असते, कोणाला उशिरा घेतलेल्या गोळीची गुंगी सकाळी दहापर्यंत सोडत नाही. संथपणा आजाराचा की गोळीचा, हे तासातासाचा हिशेब घेतल्याशिवाय कसे कळणार? माझे सहकारी मला ‘एका प्रश्नाची बाई’ म्हणत आणि मी औषधांना कमी लेखते असाही बोभाटा झाला. तो अन्याय होता. औषध सुटून आजार उलटला की दिवसही जातो, हे मी त्यांच्याहून अधिक वेळा पाहिले आहे.

आता त्या नवव्या दिवसाकडे ये. बहुधा तो कामात कमी पडलेला नसेल. दप्तर लावण्याचे काम करणारी माझी एक रुग्ण एकही कागद चुकीच्या जागी ठेवत नसे. पण “हे वर ठेव, ती यादी आण आणि येताना साहेबांना विचारून ये” असे एका दमात सांगितले की ती जागीच उभी राही, आणि चेहरा कोरा असल्यामुळे वरिष्ठांना तो उद्धटपणा वाटे. सूचना चिठ्ठीवर लिहून मिळू लागल्या आणि तक्रार मिटली. तिला खरी धास्ती मधल्या सुट्टीची होती, कारण चाललेल्या गप्पांत शिरायचे कसे हे तिला उमगत नव्हते. त्यावर आम्हाला कित्येक महिने घालवावे लागले आणि ते पूर्ण जमले असे मी म्हणणार नाही.

कृपा करून त्याला ‘आधी पूर्ण बरा हो, मग नोकरीचे पाहू’ असे सांगू नकोस. आम्हाला तसेच शिकवले होते, आणि मी एका हुशार माणसाला तयारीच्या नावाखाली दोन वर्षे पाकिटे चिकटवत बसवले. रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये हा क्रम उलटा केला. ज्याला काम हवे आहे त्याला, लक्षणे शिल्लक असली तरी, लवकर खरी नोकरी शोधून द्यायची आणि नोकरी चालू असताना सोबत राहायचे, अशी त्यांची पद्धत. तिच्या चाचण्यांत निम्म्याहून अधिक लोकांना खुल्या बाजारातली नोकरी मिळाली. जुन्या पद्धतीत हे प्रमाण साधारण चौथाईवर राहिले. सोबत राहायचे म्हणजे पुन्हा दिवसच विचारायचा. आजाराविषयी मालकाला सांगायचे की नाही, हे मात्र त्याचे त्याने ठरवायचे. त्यात तू पडू नकोस.

त्या मुद्रितशोधकाला गोळी मी रात्री लवकर घ्यायला लावली आणि बहीण सकाळचे कपडे रात्रीच क्रमाने मांडून ठेवू लागली. पुढे तो अर्धा दिवस कामावर जाऊ लागला. मधली तीन वर्षे मी त्याला परत देऊ शकले नाही.

तुझ्या रुग्णाचा नववा दिवस, उठल्यापासून घरी परतेपर्यंतचा, त्याच्याच शब्दांत लिहून मला पाठव. मोजपट्टीचे कागद तूर्त तुझ्याकडेच असू देत.