शनिवार-रविवारी पॅचला सुट्टी

“पॅच लावते, तरी अंगातून वाफा येतातच. मला मानवत नाही वाटतं.” पाळी जाण्याच्या वयात हार्मोनचा पॅच लावणाऱ्या बायकांकडून हे वाक्य सतत कानावर येतं, म्हणून हा अनुभव, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

ताई 51 वर्षांच्या, लंडनला राहणाऱ्या. तिथल्या डॉक्टरांनी 50 मायक्रोग्रॅमचा इस्ट्राडिओल पॅच, म्हणजे कातडीतून इस्ट्रोजेन हे हार्मोन देणारी चिकटपट्टी, आणि रोज रात्री प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची गोळी दिलेली. पॅच आठवड्यातून दोनदा बदलायचा. दोन महिने उलटले तरी रात्री उशी घामाने भिजायची.

आधी लावायची पद्धत विचारली. आंघोळीनंतर अंगाला खोबरेल, त्यावर लगेच पॅच, तोही सलवारीच्या नाडीखाली! कडा सुटणारच. जागा हवी ओटीपोटाची, कुल्ल्याची किंवा मांडीच्या वरच्या भागाची. स्तनांवर कधीही नाही. कातडी कोरडी, तेल-पावडर नसलेली. तळव्याने दहा सेकंद दाबून धरायचं, कडांवरून बोट फिरवायचं. दर वेळी जागा बदलायची, नाहीतर खाज सुटते. उरलेला चिकटा मात्र तेलानेच निघतो. वर गरम पाण्याची पिशवी नको, उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं. पॅच गळून पडला तर नवा लावायचा, बदलायचा वार तोच ठेवायचा.

पॅच नीट चिकटू लागला, घाम थांबेना. मग कॅलेंडरवर दोनच खुणा करायला सांगितल्या: पॅच बदलला तो दिवस, वाफा आल्या ती रात्र. शनिवार-रविवार खुणांनी भरले.

“शनिवारी काय होतं, ताई?”

बराच वेळ त्या गप्प होत्या. “काढून ठेवते हो मॅडम. अंगाला दोन दिवस विश्रांती. माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता.”

भीती आधी वागण्यात उतरते, तोंडावर उशिरा येते, असं मी मानते. म्हणून “घाबरू नका” म्हणण्याऐवजी माणूस काय करतो ते पाहते. इथे कॅलेंडरने ते दाखवलं. मावशीचं आजारपण त्यांनी डॉक्टरांनाही सांगितलेलं नव्हतं!

पॅच काढला की साधारण दिवसभरात इस्ट्रोजेन उतरतं, वाफा परततात; अशा चढउताराने मधेच रक्तस्रावही होतो. विश्रांती मिळत नाही, फक्त हिंदोळे मिळतात.

कॅन्सरचा धोका खोटा नाही. 2002 साली गाजलेल्या अमेरिकन अभ्यासात दोन्ही हार्मोन घेणाऱ्या दर 10,000 बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे 8 रुग्ण जास्त आढळले. मात्र त्यात गोळ्या होत्या आणि बायकांचं सरासरी वय 63. पॅचचं औषध आतड्यातून यकृताकडे न जाता कातडीतून थेट रक्तात जातं, त्यामुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीसारखा वाढत नाही. स्तनांच्या बाबतीत पॅचने धोका पुसला जातो, असं मात्र मी कुणाला सांगत नाही.

ताईंनी मावशीची हकीकत डॉक्टरांना सांगितली. चौकशी करून त्यांनी पॅच चालू ठेवला, मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, वेळेवर करायला सांगितली. पॅच बदलायला सोमवार सकाळ आणि गुरुवार संध्याकाळ ठरली. पुढच्या महिन्यात शनिवारच्या चौकटी कोऱ्या होत्या.

गर्भाशय असेल तर प्रोजेस्टेरॉनची गोळी मनाने बंद करू नका. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. सुरुवातीचे तीन ते सहा महिने थोडं डाग लागणं चालतं. त्यानंतरही लागत राहिलं, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर डॉक्टरांकडे जायचं.