ओळख परेडच्या आधी काय झालं, ते आधी शोधा

ताई, भावाला चेन स्नॅचिंगमध्ये उचललंय, पुढच्या आठवड्यात तुरुंगात ओळख परेड (साक्षीदाराने रांगेतल्या माणसांतून संशयिताला ओळखायचं) आहे, तर 'त्याने नकार द्यावा का?' हे तुम्ही विचारलंय. माझ्या धाकट्या भावाचं प्रकरण डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी वकील नाही. तुमच्या वकिलांना विचारूनच पुढचं करा. पण नकार देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. सबळ कारण नसेल तर कोर्ट नकाराचा उलटा अर्थ काढू शकतं.

आमचा घात परेडच्या आधीच झाला होता. फिर्यादी बाई पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसल्या होत्या आणि भावाला उघड्या तोंडाने त्यांच्यासमोरून नेलं. मग परेडमध्ये त्यांनी क्षणात त्याच्यावर बोट ठेवलं. त्या खोटं बोलल्या असं मला आजही वाटत नाही. चेहरा लक्षात राहतो, कुठे पाहिला ते पुसलं जातं. अमेरिकेत रोनाल्ड कॉटनचं हेच झालं. आधी फोटोंत आणि मग रांगेत, दोन्हीकडे असलेला तो एकटाच होता. प्रामाणिक साक्षीदाराने त्याला ओळखलं आणि 1995 साली डीएनएने तो निर्दोष ठरला. आमच्याकडे मात्र त्या ओळखीवरच जामीन अडला. ठाण्यातल्या कोणालाही त्याचं काही वाटलं नाही, याचा संताप अजून जात नाही.

म्हणून भावाला भेटून विचारा: पोलिसांनी तुला कोणाला दाखवलं का? मोबाईलवर फोटो काढला का? तसं असेल तर परेड घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर त्याने ते स्पष्ट सांगावं आणि मेमोरँडममध्ये, म्हणजे परेडच्या लेखी नोंदीत, लिहून घ्यायला लावावं. ने-आण चेहरा झाकूनच व्हावी, असा अर्जही वकिलांना आजच द्यायला सांगा.

डमींकडेही, म्हणजे रांगेत संशयितासोबत उभ्या केलेल्या इतर माणसांकडेही, लक्ष असू द्या. हायकोर्टाच्या क्रिमिनल मॅन्युअलप्रमाणे एका संशयितामागे निदान सहा डमी हवेत, तेही मिळत्याजुळत्या वयाचे, रंगरूपाचे. आमच्या मेमोरँडममध्ये डमींची वयं लिहिली होती: बहुतेक चाळिशीतले, आणि भाऊ बाविशीचा! उलटतपासणीत तेच कामी आलं. माझं तर म्हणणं, 'तो माणूस या रांगेत नसेलही' हे साक्षीदाराला आधी बजावून सांगायलाच हवं. नाहीतर माणूस त्यातल्या त्यात जुळणारा चेहरा निवडतो. गॅरी वेल्स हे मानसशास्त्रज्ञ 1980च्या दशकापासून हेच मांडत आलेत.

आणखी एक. ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायचा अर्ज परेडची वाट न बघता द्या. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायचा आणि चित्रण 18 महिने ठेवायचा आदेश दिलाय. पण अर्जाची पोच हातात असू द्या.